सहा आठवडे मुरलेलं कस्टर्ड

“रंग गडद झाला म्हणजे माल सुधारला, असं मानणारा माणूस आमच्या लॅबमध्ये आठवडाभर टिकला नसता,” मामा म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी भाच्याचा फोन डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर एकाच बाटलीचे दोन फोटो शेजारी शेजारी होते. पहिल्यात द्रव जवळजवळ बिनरंगी, दुसऱ्यात गडद तपकिरी. मधे सहा आठवड्यांचं अंतर. बाटलीवर नाव होतं व्हॅनिला कस्टर्ड, आणि तो सगळा काळ ती लेस्टरच्या एका घरात, मोज्यांच्या खणात, अंधारात पडून होती.

मामा श्रीरामपूर तालुक्यातल्या एका डिस्टिलरीत ब्लेंडिंगचं काम करून निवृत्त झालेले. भाचा इंग्लंडात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. सिगारेट सोडायची म्हणून त्याने वेप हातात घेतला. सिगारेट सुटली, पण वेपचा छंद लागला. सुट्टीवर येताना बाटली मात्र तिकडेच राहिली, कारण इकडे आणायची सोय नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण बंद केली. त्याच वर्षी संसदेने त्याचा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाटली मुरवणं म्हणजे साठवणंच. त्यामुळे माल लेस्टरला आणि वाद श्रीरामपूरला, अशी विभागणी झाली.

“आधी तू ते करतोस कसं ते सांग. शिव्या नंतर देतो,” मामांनी पाया घातला.

भाचा खुलला. ब्रिटनमध्ये २०१६पासूनच्या नियमांनुसार निकोटिन असलेली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही आणि निकोटिन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. म्हणून कंपन्या बिननिकोटिनचा, नुसत्या स्वादाचा ५० मिलिलिटर द्रव ६० मिलिलिटरच्या बाटलीत भरून विकतात. गिऱ्हाईक त्यात १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटरची कुपी ओततं. हिशेब बरोबर तीन मिलिग्रॅमवर येतो. मग बाटली हलवायची आणि अंधारात ठेवायची. फळांच्या स्वादाला दोन-चार दिवस पुरतात. कस्टर्ड, मलई, तंबाखू असे जड स्वाद दोन ते सहा आठवडे मागतात. मधूनमधून हलवायचं, एखादा दिवस झाकण उघडं ठेवायचं. अधीर मंडळी बाटली कोमट पाण्यात बसवतात; काहींनी तर चष्मे धुण्याची अल्ट्रासॉनिक यंत्रं या कामाला लावली आहेत.

“पहिल्या दिवशी त्या कस्टर्डला स्पिरिटचा वास मारतो, मामा. घशाला टोचतं. सहा आठवड्यांनी तेच असं गोल लागतं की बस्स. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.”

“थांब. त्यात काय काय आहे?”

व्हेजिटेबल ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, निकोटिन आणि स्वाद. तिथली मंडळी पहिल्या दोघांना व्हीजी आणि पीजी म्हणतात. ग्लिसरीन २० अंश सेल्सिअसला पाण्याच्या हजारपटीहून जास्त दाट असतं, त्यामुळे त्यात स्वाद नीट पसरायला वेळ लागतो. शिवाय बरेच स्वाद अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. झाकण उघडं राहिलं की ते उडून जातं आणि पहिला उग्र वास कमी होतो. मामांनी या दोन्ही गोष्टी विनातक्रार मान्य केल्या. पण दोहोंनाही ते मुरणं म्हणेनात. “स्वाद पसरला ते मिसळणं झालं. चांगलं ढवळलंस तर एका दुपारचं काम. आणि अल्कोहोल उडालं ते वाळणं झालं. मग तुझे सहा आठवडे कशात गेले?”

इथे त्यांच्यातला ब्लेंडर जागा झाला. त्यांच्या लॅबमध्ये नवा माल आणि जुना माल यांत फरक आहे असं कुणी म्हटलं की त्रिकोणी चाचणी लावायचे. तीन पेले, दोनांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा. कोणता वेगळा ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनदा सांगितलं तर एकदा बरोबर येणारच, म्हणून ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्यायची. स्पिरिट पाणी घालून पातळ करायचं, दोन थेंब तळहातावर चोळायचे, हात नाकाशी न्यायचा, मग काही मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन यायचं, कारण नाक फार लवकर सवयीला लागतं. “तू सहा आठवड्यांपूर्वीचा स्वाद आठवणीत ठेवून आजच्याशी ताडतोयस. त्या दिवसांत तुझं नाकही बदललं आणि तुझी अपेक्षाही. ताजी बाटली त्याच दिवशी बनवून शेजारी ठेवली होतीस का?”

ठेवली नव्हती.

हा मुद्दा मामांनी सरळ जिंकला. रोज एकच स्वाद ओढणाऱ्याला काही दिवसांनी तो लागेनासा होतो, हे वेपवाल्या मंडळींनाही ठाऊक आहे. ‘जीभ मेली’ अशी तक्रार ते नेहमी करतात. मग ज्या नाकाला काल काहीच लागलं नाही, त्याला आज ‘गोल’ लागलं याची साक्ष कितपत धरायची? पण सगळं मुरणं डोक्यातलंच आहे, असा निष्कर्ष मामा यातून काढायला निघाले तेव्हा त्यांचा पाय घसरला, आणि भाच्याने ते बरोबर पकडलं.

“मग रंग का बदलला?”

रंग डोक्यात बदलत नाही. निकोटिन हवा आणि उजेड लागला की ऑक्सिडाइझ होतं आणि तपकिरी पडत जातं. व्हॅनिलिन असलेला द्रवही गडद होतो. म्हणजे बाटलीत रसायन चालू आहे, एवढं नक्की. भाचा पुढे सरसावला : “आणि मामा, तुमच्या ओकच्या पिंपात तरी दुसरं काय चालतं?”

पिंपाचा विषय निघाल्यावर मामांना आवरणं अवघड. श्रीरामपूरचा हा पट्टा उसाचा. १९३३ मध्ये महादेव दहाणूकरांनी टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स उभी केली, आणि थोड्याच अंतरावर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप १९५०-५१च्या हंगामात झालं. साखर आली तिथे मळी आली, मळीमागोमाग डिस्टिलरी. मामांनी सांगितलं ते असं : ओकच्या लाकडातलं लिग्निन हळूहळू मोडतं आणि त्यातून व्हॅनिलिन स्पिरिटमध्ये उतरतं. लाकडातून टॅनिन येतं, रंग येतो. फटींतून हवा शिरते, अल्कोहोलचं थोडं ऑक्सिडेशन होतं, आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात, त्यांना फळांचा वास असतो. आणि टोचणारी अल्डिहाइड्स अल्कोहोलशी जोडली जाऊन अ‍ॅसिटल होतात. तिखटपणा मऊ पडतो. हे सगळं होताना पिंप रिकामंही होत जातं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के माल उडतो, बेंगळुरूच्या हवेत दहा-बारा टक्के. नगरच्या मे महिन्याबद्दल बोलायलाच नको.

भाच्याने ‘अ‍ॅसिटल’ शब्दावर बोट ठेवलं. तो वाचून आला होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमकं हेच ई-लिक्विडमध्ये दाखवलं. व्हॅनिलिन, दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड, बदामी वासाचं बेन्झल्डिहाइड ही अल्डिहाइड्स प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये मिसळली की नुसती विरघळून बसत नाहीत, त्याच्याशी जोडली जाऊन अ‍ॅसिटल बनवतात. काही मिश्रणांत ४० टक्क्यांहून जास्त स्वाद असा रूपांतरित झाला. “म्हणजे तुम्ही आयुष्यभर ज्या क्रियेचे पगार घेतलेत, तीच माझ्या खणात फुकट चालू आहे. तुमच्या पिंपात व्हॅनिलिन, माझ्या बाटलीत व्हॅनिलिन. तुमच्यात इथेनॉल, माझ्यात पीजी. मग माझं मुरणं खोटं कसं?”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खोटं नाही. मी चुकीच्या जागी भांडत होतो. तो शोधनिबंध पुढे काय म्हणतो?”

पुढचा भाग भाच्याच्या बाजूचा नव्हता, पण त्याने लपवला नाही. तापल्यावर यातलं ५० ते ८० टक्के अ‍ॅसिटल फवाऱ्याबरोबर बाहेर येतं, म्हणजे छातीत जातं. शरीरासारख्या पाण्याच्या द्रावणात ते लवकर मोडत नाही. निम्मं मोडायला ३६ तासांहून जास्त लागतात. आणि पेशींवरच्या चाचणीत या संयुगांनी दाह ओळखणारे दोन ग्राहक (रिसेप्टर) चेतवले. त्यातला एक टीआरपीव्ही-१, मिरचीचा झणका ज्याच्यामुळे आपल्याला कळतो तोच.

“बघ आता,” मामा म्हणाले, “ब्रँडीतलं अ‍ॅसिटल पोटात जातं. तिथे आम्ल आहे, ते मोडतं. पुढे यकृत आहे. हजारो वर्षं माणूस तोंडाने काहीबाही गिळत आला, पोटाला त्याची तयारी आहे. फुप्फुसाला हवेची तयारी आहे. तुझं कस्टर्ड जिभेला गोल लागतंय म्हणून छातीलाही गोल लागेल, हे कुणी तपासलं?”

खरं तर हाच या वादाचा गाभा आहे, आणि लेखकाचं मत इथे मामांच्या बाजूचं आहे. स्वादाच्या बाटलीवर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असतं तेव्हा ती परवानगी खाण्यापुरती असते. अमेरिकेतल्या स्वाद-उत्पादकांच्या संघटनेने स्वतःच जाहीर केलं आहे की त्यांची सुरक्षित पदार्थांची यादी ई-सिगारेटमधून ओढण्यासाठी नाही. मुरवण्यामुळे त्यात आणखी एक गुंता होतो. बाटलीत भरलेले पदार्थ यादीत असतीलही, पण सहा आठवड्यांनी बाटलीत जे असतं ते त्या यादीत नसतं. ते खणात तयार झालेलं असतं.

कस्टर्डचं उदाहरण त्या दृष्टीने जरा जास्तच बोलकं आहे. लोण्याचा, मलईचा वास देणारा डायअ‍ॅसिटिल हा पदार्थ २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यामुळे कुप्रसिद्ध झाला. तिथल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आक्रसवणारा आजार झाला होता. खाण्यात निरुपद्रवी असलेला हा पदार्थ श्वासातून जात राहिला, एवढंच झालं होतं. पुढे ब्रिटनने ई-लिक्विडमध्ये त्यावर बंदी घातली. मग लोण्याच्या वासासाठी त्याचा भाऊबंद अ‍ॅसिटॉइन वापरात राहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बाटली साठवून ठेवली की अ‍ॅसिटॉइनचं डायअ‍ॅसिटिल बनत जातं, आणि अल्कधर्मी निकोटिन असेल तर हे काम आणखी भराभर होतं. कारखान्यातून निघताना कायद्यात बसणारी बाटली अशी मोज्यांच्या खणात कायद्याबाहेर जाऊ शकते.

“पण मामा, वेपमुळे पॉपकॉर्नवाला आजार झाल्याची एकही पक्की केस ब्रिटनमध्ये नाही. आणि सिगारेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल याहून कितीतरी जास्त असतं.” भाच्याचं हे म्हणणंही खरं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या आजाराची साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले. पण त्याचा मुख्य धागा गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे गेला, कस्टर्डकडे नव्हे. ती साथ दाखवून प्रत्येक वेपवाल्याला घाबरवणं अप्रामाणिक ठरेल.

एवढ्यात मामी आतून एक बाटली घेऊन आल्या. वाद ऐकून त्यांनी कपाटातलं कुमारीआसव काढलं होतं. “तुमच्या दोघांच्या आधीपासून आमच्याकडे मुरवतात,” म्हणाल्या. मामी नगरच्या. तिथे गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं, आणि आसव-अरिष्टं म्हणजे काय हे मामींना घरातूनच माहीत. रसात किंवा काढ्यात गूळ किंवा मध, धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बंद करायचं आणि महिनाभर संधानाला ठेवायचं. आत आपोआप अल्कोहोल तयार होतं, तेच औषध टिकवतं. शारंगधर संहितेत तर जुनी आसवं जास्त गुणाची मानली आहेत. भाच्याने बाटली उजेडात धरली. तळाशी तपकिरी गाळ बसलेला, आणि लेबलावर बारीक अक्षरांत उत्पादनाची तारीख, मुदतीची तारीख. जुनं म्हणजे गुणाचं हे शास्त्र मान्य करूनही आजचा औषध-नियम आसवारिष्टांना दहा वर्षांची मुदत घालून देतो.

“मुदत आहे ना?” मामा भाच्याकडे वळले. “आमच्या पिंपालाही वही होती. किती लिटर आत गेले, किती उडाले, एक्साइजच्या नजरेखाली सगळं लिहायचं. तुझ्या खणाला वही कुठाय?”

आता भाच्याची पाळी होती, आणि त्याने ती सोडली नाही.

“वहीचं सांगूच नका. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत द्राक्ष किती आणि पिंप किती? मळीचं न्यूट्रल स्पिरिट, कॅरॅमलचा रंग आणि इसेन्स. युरोपात ब्रँडी म्हणायची तर वाइनपासून काढलेली हवी आणि लहान ओकच्या पिंपात किमान सहा महिने ठेवलेली हवी. तिथे तुमच्या निम्म्या बाटल्यांवरचं नाव खोडतील. आणि दारू कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, १९८८ पासून. तुमचं मुरणं पवित्र आणि माझं गुन्हा?”

ब्रँडीबद्दल मामांनी वाद घातला नाही. इसेन्सचे डबे त्यांनी स्वतः उघडलेले होते.

भाचा थांबला नाही. “आणि बिडी? संगमनेरची बिडी राजरोस विकली जाते. नगरमध्ये किती बायकांचं घर त्यावर चाललं. बिडीला निपाणीची तंबाखू लागते, ती तरी मुरवल्याशिवाय येते का? कापायची, उन्हात वाळवायची, ढीग लावायचा, पोत्यांत ठेवायची. निपाणीच्या त्याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींनी आंदोलन उभं केलं, गोळीबार झाला, शेतकरी गेले. त्या पिकावर बंदी आणायची हिंमत कुणाची झाली नाही. माझ्या दहा मिलिलिटरवर मात्र आली.”

या बोलण्यात राग आहे आणि तथ्यही. २०१६-१७च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे त्यात चारेक टक्के, बाकी बहुतेक चघळणारे, मिश्री लावणारे. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, तरी पानटपरीवर पुडी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. उलट ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेने वेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला आणि २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना सुरुवातीचा वेप संच देण्याची योजना आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र सगळ्याच स्वादांवर बंदी घाला, असं देशांना सांगितलं. शहाणी माणसं दोन्हीकडे आहेत.

मामांचं उत्तर भाच्याला अपेक्षित नव्हतं. त्यांनी तंबाखूचा पक्ष घेतलाच नाही. “तंबाखू मुरते तेव्हा तिच्यात काय वाढतं माहीत आहे? नायट्रोसमाइन. हिरव्या पानात ते नावाला असतं. वाळवताना, ढिगात आंबताना, उष्ण-दमट गोदामात पडून असताना जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते निकोटिनशी आणि त्याच्या भाऊबंदांशी जोडलं जातं आणि कॅन्सरचं औषध तयार होतं. उलटं औषध. स्वीडनवाले त्यांची तंबाखू आंबवत नाहीत, वाफेवर तापवतात, जंतू मारतात. तिच्यात ते कमी सापडतं. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे, आमचीही सगळी मुरवण साधूसंत नाही. पण मग त्यातून धडा काय घ्यायचा? बिडीची तंबाखू ढिगात बिघडते, म्हणून तुझी बाटली खणात सुधारते?”

“धडा हा की मोजा. बंदी घालून मोजता येत नाही. लेस्टरच्या दुकानात मला बाटलीवर कंपनी, बॅच, निकोटिन, मुदत सगळं दिसतं. पुण्यात कॉलेजच्या पोरांना चोरून मिळतं त्यावर काय असतं?”

“ते कबूल,” मामा म्हणाले. “पण त्या दुकानवाल्याने मोजलं ते भरतानाचं. मुरल्यावरचं तू मोजलंस?”

“नाही.”

“आणि तू सिगारेट सोडायला हे धरलंस. सिगारेटपेक्षा हे बरं, मी मान्य करतो, माझ्या भावाला मी खोकताना पाहिलंय. पण सोडायला कस्टर्ड कशाला लागतं?”

भाच्याचं म्हणणं पडलं की स्वाद नसता तर तो महिन्याभरात सिगारेटकडे परत गेला असता. सोडलेल्या सिगारेटचा वास त्याला आता घाण वाटतो तो या गोड स्वादांमुळेच. मामांना हे पटलं नाही. मामींना थोडं पटलं. शेवटी व्यवहारावर गोष्ट आली. लोण्या-मलईचे आणि दालचिनीचे स्वाद भाचा मुरवणार नाही. ते घ्यायचेच तर लहान बाटली घेऊन ताजी संपवेल. रंग बदललेली ती कस्टर्डची बाटली मात्र तो फेकायला तयार होईना. तिच्यावर त्याला आधी त्रिकोणी चाचणी करायची होती, ताजी बाटली शेजारी ठेवून, घरातल्या दोन मित्रांना बसवून.

“मित्र ओढतात का?” मामांनी विचारलं.

“एक ओढतो.”

“मग त्या दुसऱ्याला बसवू नकोस. आणि ओढायचं कशाला, नुसतं हुंगा. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, हातभर लांबून. तीन पट्ट्या, आकडे तुझ्या बायकोने घालायचे, तू नाही. निकाल मला पाठव.”

भाच्याने फोनवर लिहून घेतलं आणि विचारलं, किती वेळा करायचं. मामा म्हणाले, निदान वीस वेळा, आणि एका दिवसात नाही.